रेतीतली सभा

आमच्या घरातली म्हातारी माणसं सभेची जागा सांगायची ती झाडाच्या, नदीच्या, नाहीतर वावराच्या नावाने. मोहाखालची सभा, अडाणच्या रेतीतली सभा, पडीत वावरातली सभा, टेकडीमागची सभा. कुठल्या साली कोण पाळक होते हे आठवायला त्यांना वेळ लागे. पण कुठल्या सभेत कुणाच्या बैलाने दावं तोडलं, कुण्या बाईने पहिल्यांदा उभं राहून साक्ष दिली, कुठल्या रात्री गारठ्याने लेकरं गोधडीबाहेर यायला तयार होईनात, हे सारं त्यांच्या जिभेवर असे. यवतमाळ शहरात मिशनचं पक्कं देऊळ होतं, त्याबद्दल त्यांना आदरही होता. तरी गोष्टी निघायच्या त्या उघड्यावरच्या.

यवतमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस शंभरात एकही भरत नाही. चार घरं इथे, सहा घरं तिथे, मध्ये कपाशीचे आणि तुरीचे पट्टे, पांढरकवड्याकडे गेलं की सागाचं जंगल. अशा विखुरलेल्या घरांना एकत्र बसायचं तर दिवाळीनंतरचा आणि होळीच्या आधीचा काळच बरा. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडी रुतते, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. हिवाळ्यात मात्र नदीची रेती कोरडी असते, पऱ्हाटीच्या काड्यांची शेकोटी होते. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया रात्री जेवणं उरकून सभेला यायच्या. सभेची वेळ घड्याळावर नसायची. शेवटच्या घरातली चूल विझली की सभा सुरू.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं की गावात एवढा मोठा वड, त्याला बांधलेला पार, तो सोडून तुम्ही अंधारात नदीवर का जायच्या? आजी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आमाले कोन बसू देते पारावर, माय? रेती कोनाच्या बापाची नव्हती."

त्या एका वाक्यात आमच्या मंडळीचा अर्धा इतिहास आहे. पार कुणाचा, विहिरीत दोर कुणी टाकायचा, देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत कुणी यायचं, हे गावात ठरलेलं होतं. इकडे पहिल्यापहिल्यांदा ख्रिस्ती झालेली बहुतेक माणसं गावकुसाबाहेरची, महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली. काही दुष्काळात उघडी पडलेली पोरं. त्यांना गावात मोकळी अशी जागा नव्हती. होती ती गाव संपल्यावर. शहरातली माणसं आता निसर्गाच्या सान्निध्यात प्रार्थना करायला शिबिरं भरवतात, त्यात मलाही आनंद वाटतो, मी जातेही. पण आमच्या म्हाताऱ्यांची रेतीतली सभा निसर्गाच्या ओढीने सुरू झाली नव्हती. तिथे उंबरठा नव्हता म्हणून ती तिथे होती. चांदणं, वारा, पाण्याचा आवाज ही नंतरची कमाई, आणि ती त्यांनी मनापासून घेतली.

यवतमाळला आलेलं मिशन फ्री मेथॉडिस्टांचं. आमच्या मोठ्या बाबांना, म्हणजे आजोबांच्या थोरल्या भावांना, या मिशनच्या जन्माची गोष्ट फार आवडायची. अमेरिकेत तेव्हा बऱ्याच चर्चमध्ये बाकं भाड्याने दिली जात. ज्याच्याकडे पैसा तो पुढे, गरीब मागे भिंतीला लागून. बेंजामिन टायटस रॉबर्ट्स नावाच्या पाळकाने याविरुद्ध लिहिलं, गुलामगिरीविरुद्धही तो बोलत होता. १८५८ साली त्याला त्याच्या मेथॉडिस्ट मंडळीतून काढून टाकलं. मग २३ ऑगस्ट १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन नावाच्या गावी त्याच्या विचाराची माणसं जमली आणि नवी मंडळी स्थापन झाली. ती स्थापन झाली सफरचंदाच्या बागेत. बसायची जागा सर्वांना मोफत, हा त्या मंडळीच्या नावातल्या 'फ्री'चा एक अर्थ. मोठे बाबा इथे थांबायचे आणि आमच्याकडे बघायचे. ज्या माणसांना पारावर जागा नव्हती, त्यांच्याकडे साता समुद्रापलीकडून आली ती जागेसाठी भांडून बाहेर पडलेली मंडळी. त्यांना यात देवाची योजना दिसायची. मला त्यात निदान दोन जखमांची ओळख पटलेली दिसते.

त्याआधीचीही एक कडी आहे, ती मी पुढे वाचनातून जोडली. मेथॉडिस्टांचा मूळ पुरुष जॉन वेस्ली इंग्लंडचा. चर्चच्या इमारतीबाहेर उपदेश करणं त्याला आधी अगदी अशोभनीय वाटे. पण १७३९ साली त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांना उघड्यावर उपदेश करू लागला. ही माणसं चर्चमध्ये येत नव्हती, चर्चही त्यांच्याकडे जात नव्हतं. त्याच वर्षी २ एप्रिलला वेस्लीने संकोच बाजूला ठेवला आणि तोही ब्रिस्टलमध्ये उघड्या जागेत उभा राहिला. पुढची पन्नास वर्षं तो गावोगाव फिरला, बराच काळ घोड्यावरून. वणीच्या कोळसा खाणींवरून जाताना मला हमखास किंग्जवुड आठवतं. धुळीने काळी झालेली माणसं पाळी संपवून रस्त्याने चाललेली असतात, आणि वाटतं, वेस्ली यांच्याकडेही आला असता.

मिशनऱ्यांमध्ये मोठ्या बाबांचा लाडका म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड. तो आणि त्याची बायको फीबी १८८१ च्या जानेवारीत मुंबईला उतरले, बऱ्हाणपूरला गेले आणि वऱ्हाडात काम करू लागले. साधं राहणारं जोडपं. या वॉर्डची आगगाडीतली गोष्ट मोठे बाबा अशी सांगायचे की ते स्वतःच त्या डब्यात बसले होते असं वाटावं. १८९३ साल. नागपूरकडून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एक तिशीतला ब्राह्मण कवी बसला आहे, नोकरीच्या शोधात. समोर एक गोरा माणूस. दोघांचं बोलणं कवितेवरून धर्मावर जातं. उतरताना गोरा माणूस त्याला नव्या कराराची प्रत देतो, वाच म्हणतो, आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील असंही सांगून जातो. तो कवी नारायण वामन टिळक. पुस्तक वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे मराठी वाचकाच्या घरचं झालं आहे.

मोठे बाबा यातलं एकच ठासून सांगायचे. "कोनतं प्रवचन? डोंगरावरचं! देवळातलं नाई." येशूचं बोलणं कुठे कुठे झालं याची यादी ते बोटांवर मोजत. डोंगराच्या उतारावर, तळ्याच्या काठी होडीत बसून, विहिरीच्या काठावर परक्या जातीच्या बाईशी, ओसाड जागी पाच हजारांच्या पंगतीला. विहिरीवरच्या बाईपाशी आले की त्यांचा आवाज बदलायचा. त्या बाईच्या हातचं पाणी येशूने मागितलं, एवढं सांगून ते गप्प बसत. त्यांना स्वतःला शाळेत वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं.

टिळकांचं ऋण आमच्या रेतीतल्या सभेवर दुसऱ्याही वाटेने आलं. ख्रिस्ती कीर्तन नगरकडच्या मंडळींत आधीपासून होतं, कृष्णराव सांगळ्यांची पदं गाजलेली होती. टिळकांनी अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर इतकं लिहिलं की मराठी ख्रिस्ती माणूस इंग्रजी चालीच्या आधाराशिवाय उभा राहून गाऊ लागला. पेटी आणि बाकं देवळात. रेतीत ढोलकी, टाळ, खंजिरी. ज्याला वाचता येत नाही त्याने ओळ उचलायची आणि ढोलकीवाल्याने ती तीनदा फिरवायची, म्हणजे चौथ्यांदा सगळ्यांना येते. वऱ्हाडाला ही रीत शिकवावी लागली नाही. याच मुलखात गाडगेबाबा उघड्या मैदानात कीर्तन करत, माणसांशी प्रश्नोत्तरं करत. तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि मोझरीची सामुदायिक प्रार्थना हाकेच्या अंतरावर. आजी सांगायची की सभेतला एक ढोलकीवाला आदल्या रात्री महाराजांच्या भजनात वाजवून आलेला असायचा. कुणाला त्यात वावगं दिसत नसे. ढोलकी चांगली वाजली म्हणजे झालं.

पण कीर्तनाआधी, ढोलकीआधी, आमच्या घरात दुष्काळ आहे.

छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात तो विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा. तेव्हा या जिल्ह्याचं नाव वणी जिल्हा होतं, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आलं. तीन वर्षांपूर्वीचा एक दुष्काळ कसाबसा पार पडलेला, त्यावर हा. सरकारने खडी फोडायची आणि रस्त्याची कामं काढली, त्या कामांवर पटकी पसरली. माझ्या पणजीचे आईबाप तिथेच गेले. तिला स्वतःचं वय ठाऊक नव्हतं, दुधाचे दात पडत होते एवढंच आठवत होतं. कुणीतरी तिला बंडीत घालून यवतमाळच्या मिशनच्या आवारात आणून सोडलं. तिथे तशी कितीतरी पोरं होती. पणजीने आजीला सांगितलेली आणि आजीने मला सांगितलेली त्या आवाराची पहिली आठवण अन्नाची नाही, ओळीत बसण्याची आहे. निंबाच्या झाडाखाली सगळी पोरं एका ओळीत बसली, कोण कुणाच्या शेजारी हे कुणी पाहिलं नाही, आणि मग जोंधळ्याच्या कण्या घातलेली पेज आली. पेजेआधी प्रार्थना झाली. छपराखाली मावत नव्हती म्हणून पोरं झाडाखाली. पणजीची पहिली उपासना ती.

त्या मुलीला अक्षर शिकवलं गेलं. वीस-बावीस वर्षांनी तीच गावोगाव फिरणारी बायबलबाई झाली. हिवाळी दौरा निघायचा. रेंगीत तंबू, पेट्या, पिठाचं पोतं. पुढच्या दमणीत मिस्सायब. गोऱ्या बाईला सगळे मिस्सायबच म्हणत, तिचं लग्न झालेलं असो नसो. एका गावाच्या शिवेवर मुक्काम करायचा, पाच-सहा दिवस आसपासची खेडी पायी करायची, मग तंबू पुढे. पणजी लुगडं खोचून, काखेत पुस्तक घेऊन मिस्सायबच्या आधी वस्तीत शिरायची. गोऱ्या बाईला बघायला गर्दी होई, पण ऐकून घेतलं जाई ते पणजीचं. तिला कुणाच्या घरी काय शिजलं नाही हे चेहऱ्यावरून कळे.

रात्री मॅजिक लँटर्न. दोन बांबूंना पांढरं धोतर ताणून बांधायचं, मागून किंवा पुढून दिवा, काचेवरची रंगीत चित्रं. हरवलेलं मेंढरू, उधळ्या मुलगा, वादळातली होडी. वऱ्हाडातल्या खेड्यात सिनेमा यायच्या कितीतरी आधी माणसांनी उजेडाची चित्रं बघितली ती अशी. पोरं धोतराच्या मागे जाऊन बघून यायची की माणसं तिथे आहेत का. आणि आजीच्या मते खरी सभा भरायची ती चित्रं संपल्यावर. कंदील जवळ घेऊन पणजी नव्या करारातला उतारा वाचायची. बाई वाचते, आपल्या वस्तीतली बाई वाचते, ज्या वस्तीतला पुरुषही चावडीवर अंगठाच उमटवतो तिथली बाई वाचते. आजी म्हणायची, त्या वेळी शेकोटीचा आवाज ऐकू यायचा.

सभेच्या कडेला नेहमी माणसं उभी असत. कुणब्याचा पोर बैल सोडून आलेला, तेलीण, तांड्यावरचा बंजारा, कधी पाटलाचा गडी पाटलाने काय चाललंय बघून ये म्हणून पाठवलेला. कुणीच सभेला आलेलं नसे, सगळे जाता जाता थांबलेले. भिंतीच्या आत जायचं तर माणसाला ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना चारचौघं बघत असतात. रेतीच्या कडेला काही ठरवावं लागत नाही. वाटलं तर ऐकायचं, नाही पटलं तर विडी विझवून चालू लागायचं. पटलं नाही की ओरडून विचारायचीही सोय होती. एकदा कुणीतरी अंधारातून विचारलं की तुमचा देव एवढा दयाळू, मग छप्पन्नच्या साली कुठे होता? पाळक काही बोलायच्या आत पणजी म्हणाली की मला तेव्हा पेज देणाऱ्या हातात होता, माझ्या आईच्या वेळी कुठे होता ते मी पण रोज विचारते. आजीने हे उत्तर मला इतक्या वेळा सांगितलं की माझ्या श्रद्धेचा पाया कुठला असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

मग साक्ष. कुणीही उभं राहायचं आणि आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सांगायचं. नवऱ्याची दारू सुटली. लेकरू तापातून उठलं. सासू पाच वर्षांनी बोलली. शेळी हरवली होती ती सापडली, यावरही साक्ष व्हायची, आणि कुणी हसत नसे, कारण शेळी म्हणजे त्या घराची तेल-मिठाची तरतूद. घरात जिला सासऱ्यासमोर तोंड उघडायची मुभा नाही, ती बाई इथे पन्नास माणसांपुढे बोलायची. चुकत, रडत, मध्येच विसरत. ही सवय मोठी होती. आमच्या घराण्यातल्या बाया पुढे शिक्षिका झाल्या, नर्सा झाल्या, उमरीच्या मिशन हॉस्पिटलात रात्रपाळ्या करून घरं उभी केली. त्या सगळ्यांच्या बोलण्यातला तो ठामपणा मला रेतीतून आलेला वाटतो.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. आजीच्या माहेरचं निम्मं गणगोत गेलं होतं. तिचा आतेभाऊ परत येताना मुद्दाम आमच्या घरी उतरला, पांढऱ्या कपड्यांत, प्रवासाने मळलेला. ओट्यावर बसून त्याने सगळं सांगितलं. आजीने त्याला विचारलं की हे कोणत्या देवळात झालं. तो म्हणाला, मैदानात. लाखो माणसं मैदानात. "मंग बरं झालं बाप्पा," आजी म्हणाली, "मैदानाले उंबरठा नसते." त्या दिवसापासून आमच्या नातेवाइकांत दोन धर्म झाले. लग्नकार्यात, मातीला, एकमेकांकडे जाणंयेणं तसंच राहिलं. आजी ख्रिस्तीच राहिली, शेवटपर्यंत. पण दीक्षाभूमीचं नाव निघालं की पदर सावरून बसायची. जिथे आपल्या माणसांना ताठ बसता आलं त्या जागेचा मान ठेवायचा, हे तिच्याकडून मी शिकले.

यवतमाळच्या आयुष्यात याच्या थोडं आधी एक वेगळाच काळ सुरू झाला होता. १९५३ साली इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, फ्रँक क्लाइन हे पहिले प्राचार्य. पाळक घडवणारी मोठी संस्था, आणि ती पुण्या-मुंबईला नाही, कापसाच्या गावात. केरळ, तमिळनाडू, आंध्र, नागा टेकड्या, मिझोरम, कुठून कुठून पोरं यायची. माझा एक दूरचा मामा तिथल्या भोजनगृहात कामाला होता. त्याच्या गोष्टी वेगळ्या चवीच्या. मिझो पोरांना ज्वारीची भाकर तोडता यायची नाही, मल्याळी पोरं भाताच्या भांड्यापाशी घोटाळायची. शनिवार-रविवारी यातली काही सायकली काढून खेड्यांत जायची. मराठी मोडकी. एका मिझो मुलाने झाडाखाली गिटार वाजवून आपल्या भाषेत गाणं म्हटलं, शब्द कुणालाच कळला नाही, आणि गाणं संपल्यावर गावचा ढोलकीवाला म्हणाला, पुन्हा म्हण, आता मी ठेका धरतो. दुसऱ्या खेपेला अर्धा गाव टाळ्या वाजवत होता. मामा म्हणे की त्या मुलाला तिकडच्या टेकड्यांची इतकी आठवण यायची की उघड्यावर गेल्याशिवाय त्याला प्रार्थनाच येत नसे. १९८३ साली सेमिनरी पुण्याला बिबवेवाडीला गेली. संस्थेच्या दृष्टीने ते योग्य असेल. आमच्या गावांतून मात्र ती सायकलींची घंटी गेली, आणि देशाच्या टोकांवरची माणसं आपल्या झाडाखाली येऊन बसतात हा अनुभवही गेला.

माझ्या आईच्या पिढीने खेड्यांत छोटी देवळं बांधली. विटा स्वतः वाहिल्या, बायांनी दर रविवारी मूठमूठ धान्य बाजूला काढून पत्र्याचे पैसे जमवले. त्या देवळांबद्दल मी वाकडं बोलणार नाही. भर पावसात म्हातारी माणसं बसणार कुठे? आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारात थांबावं लागलं त्यांना आपलं म्हणून एक दार हवंच होतं. तरी एक नुकसान झालं, आणि ते कुणीतरी सांगायला हवं. छताखाली कार्यक्रम आला. आधी हे गीत, मग हा उतारा, मग उपदेश, मग सूचना. माइक आला, आणि माइक ज्याच्या हातात तो बोलतो. साक्षीला वेळ ठरला, मग तो आक्रसला, मग साक्ष कुणी द्यायची हे आठवडाभर आधी ठरू लागलं. ज्या बायांच्या आज्या अंधारात उभ्या राहून बोलल्या त्या आता ओळीत बसून ऐकतात. कडेला उभा राहणारा माणूस तर राहिलाच नाही. त्याला आत यायला सांगणारे पुष्कळ आहेत, पण त्याला फक्त थांबू देणारी जागा गेली.

ती पूर्ण गेलेली नाही. ईस्टरची पहाटेची उपासना अजून काही गावांत उघड्यावर होते, आणि माझ्यासाठी वर्षातली ती सगळ्यात सुंदर घडी आहे. ईस्टर येतो मार्च-एप्रिलात, म्हणजे नेमक्या मोह गळायच्या दिवसांत. पहाटे तीन-चारपासून फुलं टपटपत असतात. येशूची कबर रिकामी सापडली ती पहाटे, आणि तिथे पहिल्या पोचल्या त्या बाया. आम्ही गाणं सुरू करतो तेव्हा आसपासच्या कोलाम आणि गोंड बाया टोपल्या घेऊन मोह वेचायला आलेल्या असतात. त्यांना त्यांचं काम, आम्हाला आमचं. त्या आमच्या मधून वेचत जातात, आमच्या सतरंजीवर पडलेली फुलंही उचलतात, आम्ही पाय बाजूला घेतो. एका वर्षी त्यांच्यातली एक म्हातारी टोपली खाली ठेवून शेवटपर्यंत बसली. शेवटी ओंजळभर फुलं आमच्यापुढे ठेवून गेली.

हिवाळ्यात वनभोजन होतं. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, वांग्याची भाजी, वरून कच्चं तेल आणि कांदा. पोरं मोबाइल घेऊन येतात पण जंगलात रेंज नसते, म्हणून हळूहळू म्हाताऱ्यांपाशी येऊन बसतात. लाउडस्पीकर लावायचा तर आधी पोलिसांची परवानगी, म्हणून आम्ही तो लावतच नाही, आणि त्याने ऐकणं सुधारलं आहे. हल्ली चार माणसं उघड्यावर प्रार्थनेला बसली तरी विचारणा होते. आम्ही सरपंचाला आधी कळवतो, भाजी पण पाठवतो.

काही वर्षांपूर्वीची एक अशीच सभा. आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आत्महत्या थांबल्या नाहीत. त्या दिवशी वावराच्या धुऱ्यावर, पळसाच्या सावलीत बसलो होतो. पाळकांनी उपदेशाला पुस्तक उघडलं तेवढ्यात मागे बसलेली एक तरुण बाई उभी राहिली. नवरा सहा महिन्यांपूर्वी गेला होता. साक्ष देते म्हणाली. देवाने लेकरं जगवली, एवढं एक वाक्य बोलली आणि मग आकडे सांगू लागली. बँकेचं इतकं, सावकाराचं इतकं, कृषी केंद्राचं इतकं. सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर, सासराही वारलेला, नवऱ्याचं नाव कधी चढलंच नाही. सरकारी मदतीला गेली तर शेती कुणाची ते दाखवा म्हणतात. दिरांना सही करायची नाही. पाळकांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

धुऱ्याच्या पलीकडे रस्त्यावर एक जण मोटरसायकल उभी करून ऐकत होते. आमच्यातले नव्हते. शेजारच्या गावचे, बौद्ध, निवृत्त तलाठी. तिथूनच त्यांनी विचारलं, "बाई, सासऱ्याच्या नावावरच्या जमिनीला वारस नोंदीचा अर्ज केला होता का?" तिने नकारार्थी मान हलवली. ते गाडी लावून आत आले, सतरंजीच्या टोकाला बसले. दिरांची सही नसली तरी वारसाची नोंद अडत नाही, तक्रार आली तर सुनावणी लागते, हे त्यांनी तिला दोनदा समजावलं. सासऱ्याचा आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ, रेशनकार्डाची प्रत. मी पदांच्या वहीच्या मागच्या पानावर यादी उतरवून घेतली. प्रतिज्ञापत्राचा खर्च मंडळीच्या दानातून द्यायचा ठरला. सोमवारी तिच्यासोबत तहसीलला कोण जाणार, यावर थोडी चर्चा झाली. तलाठी म्हणाले मी येतो, आमच्यातली एक शिक्षिका म्हणाली मीही येते, रजा टाकते. ते ठरल्यावर पाळकांनी पुस्तक पुन्हा उघडलं.